न्यायाधीशांची पेन्शन: धनकोला दार बंद, पोटगीला नाही

प्रश्न असा आहे. वडील महाराष्ट्राच्या न्यायिक सेवेतून जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले, राहायला विलेपार्ल्यात. मुलाच्या धंद्याच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. धंदा बुडाला, बँक मुंबईच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात गेली आणि वसुली अधिकाऱ्याच्या नोटिशीवरून वडिलांचे पेन्शनचे खाते गोठले. दुसरीकडे आईने वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केला असून निम्मी पेन्शन आपल्या नावावर करून मागितली आहे. बँकेला पेन्शन घेता येते का, आईला निम्मी मिळते का, आणि न्यायाधीश असल्यामुळे काही वेगळे संरक्षण आहे का, असे तीन प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गैरसमज तिथेच सगळ्यांत जास्त आहेत. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची पेन्शन १९५४ च्या कायद्याने ठरते, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची १९५८ च्या. दोन्ही भारताच्या एकत्रित निधीवर भारित आहेत, म्हणजे त्यावर संसदेत मतदान होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १२५ (सर्वोच्च न्यायालय) व २२१ (उच्च न्यायालय) प्रमाणे नेमणुकीनंतर न्यायमूर्तींचे पेन्शनचे हक्क त्यांना तोट्याचे होतील असे बदलता येत नाहीत. हे कवच सरकार आणि संसदेच्या विरुद्ध आहे. न्यायाधीशाने निर्भयपणे निकाल द्यावा, त्याच्या म्हातारपणाची दोरी कोणाच्या हातात राहू नये, यासाठी ते दिले आहे. बँकेचे कर्ज किंवा पत्नीची पोटगी यांच्याशी त्याचा संबंध नाही. जिल्हा न्यायाधीशांना तर हे अनुच्छेद लागूच नाहीत. त्यांची पेन्शन महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ आणि न्यायिक वेतन आयोगाच्या शिफारशींवरील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांवर चालते.

धनकोपासूनचे संरक्षण सर्वसाधारण कायद्यातून येते आणि ते शिपायाला जेवढे तेवढेच न्यायमूर्तींना. एक, पेन्शन अधिनियम, १८७१ चे कलम ११: सरकारने पूर्वसेवेबद्दल दिलेली पेन्शन, किंवा तिच्यापोटी देय झालेली वा होणारी रक्कम, धनकोच्या सांगण्यावरून कोणत्याही न्यायालयाला जप्त करता येत नाही. दोन, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०(१) च्या परंतुकातील खंड (जी): सरकारचे, स्थानिक प्राधिकरणाचे ‘किंवा इतर कोणत्याही मालकाचे’ पेन्शनर यांना मिळणारे निवृत्तिवेतन व उपदान (ग्रॅच्युइटी) जप्तीबाहेर. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती ‘सरकारी नोकर’ नसतो, म्हणून त्याला कलम लागू नाही, असा युक्तिवाद कधीकधी होतो. ‘इतर कोणत्याही मालकाचे’ या शब्दांपुढे त्याला फार जागा उरत नाही.

वसुली अधिकारी म्हणतात, आमच्याकडे दिवाणी संहिता लागू नाही. हे अर्धेच खरे आहे. न्यायाधिकरणाची वसुली कर्जवसुलीच्या १९९३ च्या कायद्याच्या कलम २९ मधून आयकर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे चालते, आणि त्या अनुसूचीचा नियम १० सांगतो की दिवाणी संहितेने जी मालमत्ता जप्तीतून वगळली ती इथेही वगळलेली. म्हणजे वळसा घेऊन आपण पुन्हा कलम ६० वरच येतो. अर्जात ही साखळी तीन वाक्यांत लिहावी. नुसते ‘पेन्शन जप्त करता येत नाही’ असे लिहून ठेवले की अधिकारी तारीख देतो आणि महिना जातो.

आता खरी अडचण. पेन्शन कोषागारात असेपर्यंत तिला कोणी हात लावत नाही, हे बँकांनाही मान्य असते. वाद सुरू होतो ती खात्यात पडल्यावर. १९७६ च्या ज्योती चिट फंडच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भविष्य निर्वाह निधी व पेन्शन कर्मचाऱ्याच्या हातात पडेपर्यंत संरक्षित असल्याचे सांगितले होते. त्यावरून बँका उलट अर्थ काढत: हातात पडली की संपले. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकाली काढला. पेन्शन व ग्रॅच्युइटीची रक्कम मुदत ठेवीत ठेवली म्हणून तिचे मूळ रूप जात नाही, खंड (जी) चे संरक्षण टिकते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हाच मुख्य आधार. निकालाची पूर्ण प्रत अर्जाला जोडा.

पण हे रूप ओळखता आले पाहिजे, आणि बहुतेक अर्ज इथेच पडतात. एकाच बचत खात्यात पेन्शन, भाडे, मुलाने पाठवलेले पैसे आणि ठेवीचे व्याज एकत्र असले की बँक म्हणते, यातली पेन्शन कोणती ते दाखवा. ते असे दाखवायचे. खात्याचा किमान दीड वर्षाचा उतारा काढा. गोठवल्याच्या तारखेपासून मागे जात खात्यातली शिल्लक सर्वांत कमी कधी होती ते शोधा. समजा, खाते १२ जूनला गोठले आणि त्या दिवशी शिल्लक ५,२६,००० रुपये. ३ एप्रिलला शिल्लक ११,००० वर आली होती. मग ३ एप्रिलच्या आधीचा हिशेब मांडायची गरज नाही. त्यानंतर एप्रिल व मे अखेरीस पेन्शनचे प्रत्येकी १,०८,०००, म्हणजे २,१६,००० जमा. दोन महिन्यांचे भाडे ४४,०००. गावच्या जागेच्या व्यवहाराचे बयाणा ३,००,०००. खर्च ४५,०००. बेरीज जुळते: ११,००० अधिक ५,६०,००० वजा ४५,०००, बरोबर ५,२६,०००. अर्जात मागणी २,१६,००० ची करायची आणि खर्च भाड्यातून आणि आधीच्या ११,००० मधून झाला असे स्पष्ट लिहायचे. भाडे आणि बयाणा यांवर हक्क सांगू नका. सगळे ५,२६,००० पेन्शनचेच आहेत असा दावा केला की समोरचा वकील भाड्याच्या दोन नोंदी दाखवतो आणि खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

पासबुकातल्या नोंदीकडे नीट बघा. पेन्शनच्या जमेसमोर बऱ्याचदा ‘पेन्शन’ हा शब्दच नसतो. एखादे संक्षिप्त नाव आणि लांबलचक क्रमांक असतो. तो उतारा तसाच दिला तर वसुली अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून पीपीओची (पेन्शन अदायगी आदेशाची) प्रत, आणि पेन्शन जिथून येते त्या कार्यालयाचा महिनावार दाखला जोडा. मुंबईत राज्याची पेन्शन अधिदान व लेखा कार्यालयातून जमा होते. त्यांचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात लेखा कोष भवनात आहे. पीपीओ हरवला असेल तर चर्चगेटजवळच्या महालेखाकार कार्यालयात, प्रतिष्ठा भवनात, अर्ज करावा लागतो. दाखल्यावरची रक्कम आणि उताऱ्यावरची रक्कम एकाच रंगाने अधोरेखित करून प्रत्येक महिन्याला अनुक्रमांक द्या. काम साधे आहे, पण सुनावणीच्या पाच मिनिटांत तेच उपयोगी पडते.

अर्ज वसुली अधिकाऱ्यापुढेच करायचा, दुसऱ्या अनुसूचीच्या नियम ११ खाली. तो फेटाळला तर न्यायाधिकरणाकडे अपील, मुदत ३० दिवस. ही मुदत आदेशाची प्रत मिळण्याची वाट बघत घालवू नका. प्रमाणित प्रतीचा अर्ज त्याच दिवशी टाका. हेच प्रकरण दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे असते तर दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी) ज्या न्यायालयात चालू आहे तिथे दिवाणी संहितेच्या कलम ४७ खाली हरकत घेतली असती. एक अंतरिम मागणी दोन्हीकडे हवी: अर्जाचा निकाल लागेपर्यंत पुढच्या महिन्यांची पेन्शन काढू द्यावी. औषधपाणी थांबलेले असते, आणि ही मागणी सहसा कोणी नाकारत नाही, पण ती लिहावी लागते.

बँकेने न्यायालयात न जाता स्वतःच त्याच शाखेतल्या पेन्शन खात्यातून हप्ता वळता केला, तर तो वेगळा वाद आहे. वडिलांनी कर्जाच्या कागदांवर खात्यातून वसुलीची सही दिली असेल तर बँक तिचा आधार घेते. पण पेन्शन अधिनियमाचे कलम १२ सांगते की पुढे मिळणाऱ्या पेन्शनचे आगाऊ हस्तांतरण किंवा तारण रद्दबातल आहे, आणि दिवाणी संहितेच्या कलम ६०(१ए) प्रमाणे हे संरक्षण सोडून देण्याचा करारही रद्दबातल. ही दोन कलमे नमूद करून शाखेला लेखी पत्र द्या, खात्यातून हप्ता कापण्याची स्थायी सूचना मागे घ्या, पोच घ्या. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार. मात्र स्थायी सूचना मागे घेतली म्हणजे कर्ज माफ झाले असे नाही. जामीनदार म्हणून देणे उभेच राहते आणि घर, शेअर, इतर ठेवी यांवर बँक जाऊ शकते. मुंबईत राहता फ्लॅट जप्तीबाहेर नाही. पेन्शनच्या पैशातून घेतलेला असला तरी तो फ्लॅट म्हणूनच धरला जातो. साठलेली ग्रॅच्युइटी घरात घालायची की ठेवीत, हे ठरवताना जामीनदाराने याचा विचार आधी करावा.

बँक कधी दिवाणी अटकेची भीती घालते. दिवाणी संहितेच्या कलम ५१ च्या स्पष्टीकरणात लिहिले आहे की देणेकऱ्याची ऐपत मोजताना जप्तीबाहेरची मालमत्ता हिशेबात धरायची नाही. म्हणजे ‘दरमहा लाखाची पेन्शन घेता आणि पैसे देत नाही, तुरुंगात पाठवा’ हा युक्तिवाद चालत नाही. खासगी सावकाराकडे पेन्शनचे एटीएम कार्ड आणि पासबुक गहाण ठेवण्याची पद्धत आहे, तिलाही काही कायदेशीर आधार नाही; कार्ड बंद करून नवे घ्या.

सरकारचे स्वतःचे येणे असेल तर मात्र पेन्शन अधिनियमाच्या कलम ११ कडे बोट दाखवून उपयोग नाही. घरबांधणी अग्रिम, मुदतीनंतर सरकारी निवासस्थानात राहिल्याचे दंडनीय भाडे हे उपदानातून कापले जाते. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतील नियम २७ खाली, विभागीय किंवा न्यायालयीन कार्यवाहीत गंभीर गैरवर्तन वा नुकसान सिद्ध झाले तर पेन्शन रोखताही येते. चुकून जास्त दिलेल्या पेन्शनच्या वसुलीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा रफीक मसीह निकाल निवृत्तांच्या बाजूने आहे.

आता आईचा अर्ज. इथे पारडे फिरते.

गोवा सोडले तर भारतात वैवाहिक मालमत्ता अशी कल्पनाच कायद्यात नाही. हिंदू विवाह कायद्याचे कलम २७ लग्नाच्या वेळी दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरते आहे. अमेरिकेत न्यायालयाच्या खास आदेशाने निवृत्तिवेतनाचा हिस्सा घटस्फोटित जोडीदाराच्या नावे थेट वळवता येतो. इंटरनेटवर वाचून अनेक जण तीच मागणी इथे लिहितात. आपल्याकडे पीपीओचे दोन तुकडे होत नाहीत. महालेखाकार कार्यालय दुसऱ्या नावाने अर्धा पीपीओ काढणार नाही, तसा नियमच नाही. ‘निम्मी पेन्शन नावावर करून द्यावी’ ही मागणी त्या स्वरूपात टिकणार नाही.

पण वडिलांनी यावर निर्धास्त होऊ नये. पेन्शन वाटली जात नसली तरी उत्पन्न म्हणून पूर्ण मोजली जाते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ ची अंतरिम पोटगी, कलम २५ ची कायमस्वरूपी पोटगी, घरगुती हिंसाचार कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ (पूर्वीचे १२५), सगळीकडे पहिला आकडा पेन्शनचा येतो. विशेष विवाह कायद्यात कलम ३७, पारशी कायद्यात कलम ४०, तत्त्व तेच. आणि कलम २४ व २५ पती-पत्नी दोघांनाही खुली आहेत. निवृत्त महिला न्यायाधीशाकडे पतीही पोटगी मागू शकतो.

पोटगी थकली तर पेन्शन अधिनियमाचे कलम ११ आड येते का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये सांगितले की पत्नी ही त्या कलमातली ‘धनको’ नाही, त्यामुळे पोटगीसाठी पेन्शन जप्त करता येते. हे मला पूर्णपणे रास्त वाटते. ज्या घराने त्या नोकरीचा बदल्यांसकट भार उचलला, त्या घरातल्या माणसाला सावकाराच्या रांगेत उभे करणे कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे. कलम १४४ खाली थकबाकीसाठी वॉरंटही निघते, आणि त्यानंतरही रक्कम दिली नाही तर महिन्याभरापर्यंत कैद. आईच्या बाजूने लक्षात ठेवायचे ते असे: या वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. दोन वर्षे गप्प बसून एकदम अर्ज केला तर जुन्या महिन्यांसाठी हा रस्ता बंद झालेला असतो.

आकडा कसा ठरतो? रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. इथे निवृत्तांची नेहमीची चूक म्हणजे ‘घटलेली पेन्शन’ तेवढी लिहायची. समजा, शेवटचे मूळ वेतन २,००,००० होते, तर मूळ पेन्शन १,००,०००. त्यातल्या ४० टक्क्यांचे अंशराशीकरण केले, म्हणजे तेवढ्या पेन्शनच्या बदल्यात आगाऊ एकरकमी पैसे घेतले, की दरमहा ६०,००० उरतात, आणि कापलेले ४०,००० पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतात. पण महागाईवाढ मूळ १,००,००० वरच मिळत राहते, आणि अंशराशीकरणाची मोठी एकरकमी रक्कम हातात आलेली असते. प्रतिज्ञापत्रात ६०,००० लिहून एकरकमी रक्कम लपवली तर पीपीओवरच ती छापलेली असते आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न तिथूनच येतो. आयकर वजा करून मिळणारी निव्वळ रक्कम हा पाया. स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते न्यायालय सहसा वजा धरत नाही. मुलाच्या कर्जाचे जामीनदेणे मात्र देण्यांच्या रकान्यात लिहायलाच हवे. निव्वळ उत्पन्नाच्या २५ टक्के हा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालावरून रूढ झाला आहे, पण तो नियम नाही. आईचे स्वतःचे उत्पन्न, राहते घर कोणाच्या नावावर, आजारपण, लग्नाची वर्षे यावर तो खाली-वर होतो.

या सगळ्यात आईने सर्वांत जास्त विचार करावा अशी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे जवळजवळ कोणी बघत नाही: कुटुंब निवृत्तिवेतन. वरच्याच उदाहरणात वडिलांच्या पश्चात ते साधारण मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे ६०,००० अधिक महागाईवाढ. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याच्या दिवशी आई नियमांतल्या ‘कुटुंबा’तून बाहेर पडते आणि हा हक्क कायमचा जातो. संमतीपत्रात ‘पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन पत्नीस मिळेल’ असे लिहून काही होत नाही. जोध सिंग (१९८०) आणि व्हायोलेट आयझॅक (१९९१) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ता नव्हे, मृत्युपत्राने ते कोणाला देता येत नाही. याच कारणाने वडिलांच्या धनकोलाही त्याला हात लावता येत नाही.

म्हणून सत्तरीतल्या जोडप्याला घटस्फोटाऐवजी न्यायिक विभक्तता, हिंदू विवाह कायद्याचे कलम १०, पुरेशी आहे का हे आधी तपासा. वेगळे राहणे, पोटगी, सगळे त्यात बसते आणि पत्नीचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क टिकतो, व्यभिचाराच्या कारणावरून विभक्तता दिलेली नसेल तर. धोका एकच: त्या हुकूमनाम्यानंतर वर्षभर एकत्र आले नाहीत तर दोघांपैकी कोणीही कलम १३(१ए) खाली घटस्फोट मागू शकतो. वडिलांनी पुढे तो मागितला तर आईचे गणित मोडते. तेव्हा विभक्ततेच्या संमतीपत्रात घटस्फोट मागितल्यास द्यायची एकरकमी रक्कम आत्ताच ठरवून घ्यावी.

घटस्फोटच हवा असेल तर संमतीपत्र लिहिताना या गोष्टी सुटतात. रक्कम आकड्यात लिहिली जाते, पण दर जानेवारी-जुलैच्या महागाईवाढीबरोबर ती किती वाढेल हे लिहिले जात नाही. पाच वर्षांत तिची किंमत उरत नाही. अंशराशीकरणाचे ४०,००० परत सुरू झाल्यावर काय, हे लिहिले जात नाही. ८० व्या वर्षी मिळणारी २० टक्के जादा पेन्शन विसरली जाते. वेतन आयोगाची थकबाकी येते तेव्हा तिच्यावरून नवा अर्ज होतो. वडिलांनंतर काय, याला उत्तर नसते. त्यासाठी कलम २५ खाली पार्ल्याच्या फ्लॅटवर पोटगीचा बोजा ठेवून घ्यावा आणि सोसायटीला पत्र देऊन तो त्यांच्या दप्तरी नोंदवून घ्यावा. आयुर्विमा पॉलिसी असेल तर नुसते नामनिर्देशन न करता ती आईच्या नावे रीतसर हस्तांतरित करावी.

फ्लॅटबाबत एक सावधगिरी, कारण तुमच्याकडे दोन्ही प्रकरणे एकाच वेळी चालू आहेत. बँकेची वसुली सुरू झाल्यावर घाईने फ्लॅट किंवा ठेवी आईच्या नावे केल्या तर बँक त्याला धनकोंना फसवण्यासाठी केलेले हस्तांतरण म्हणते, आणि आयकराच्या दुसऱ्या अनुसूचीच्या नियम १६ प्रमाणे वसुलीची नोटीस बजावल्यानंतर वसुली अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय केलेला व्यवहार टिकत नाही. फ्लॅटवर पोटगीचा बोजा ठेवण्याआधी नोटिशीची तारीख पाहा. पोटगी हवी असेल तर ती न्यायालयाच्या आदेशाने, पेन्शनच्या उत्पन्नातून दरमहा बांधून घेणे आईसाठी जास्त सुरक्षित आहे, कारण बँकेला जिथे पोहोचता येत नाही तिथून ती येते.

या आठवड्यात वडिलांनी करायचे ते एवढे: फक्त पेन्शनसाठी, कर्ज देणाऱ्या बँकेखेरीज दुसऱ्या बँकेत स्वतंत्र एकट्याच्या नावाचे खाते उघडून अधिदान व लेखा कार्यालयाला बदलाचा अर्ज द्यावा, त्यात भाडे किंवा ठेवीचे व्याज कधीही जमा करू नये, आणि गोठलेल्या खात्याचा दीड वर्षाचा उतारा शाखेच्या शिक्क्यासह मागून घ्यावा.